उपलब्ध साधने : थुंकी

काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर टेकवायचा आणि चित्रावर अलगद फिरवायचा — चित्रं साफ करायची बाबांची ही पद्धत. संग्रहालयाच्या दुरुस्तीच्या खोलीत आम्ही दोघंच. त्या दुपारी मी कॅमेऱ्यासाठी निधी मागणारा अर्ज भरत होते. रंगाच्या थराखालचं रेखाटन दाखवणारा इन्फ्रारेड कॅमेरा. बाबा बावीस वर्षं त्याची वाट पाहत होते.

"उपलब्ध साधने," मी वाचलं. "काय लिहू?"

"थुंकी."

"बाबा!"

"खोटं आहे का? नाही ना? मग लिही."

मी हसत टाइप केलं. नंतर खोडणार होते.

जिना उतरताना त्यांनी नेहमीचंच विचारलं, "माझ्यामागे एकटी राहशील ना गं?"

"राहीन की," मीही नेहमीचंच म्हणाले.

सकाळी ते उठलेच नाहीत.

शेवटच्या तारखेला मी तो अर्ज न वाचताच पाठवून दिला. घरी मी रोज दोन कप काढायचे, एक परत ठेवायचे. असे तीन महिने गेले आणि एका सकाळी खोलीच्या दारात एक उंच माणूस उभा राहिला. एका हातात पेटी, दुसऱ्यात माझा अर्ज.

"मी निधी देणाऱ्या संस्थेचा तपासनीस. चार दिवस हा कॅमेरा इथे वापरून पाहायचाय. फक्त एक शंका आहे... थुंकी — कुणाची?"

माझे कान तापले. "बाबांची. म्हणजे... आता माझी."

"म्हणजे साधन चालू स्थितीत," म्हणत त्यांनी गंभीरपणे अर्जावर खूण केली. आणि मला हसू फुटलं. किती दिवसांनी!

ते उभ्यानेच काम करत. बाबांच्या स्टुलावर बसू नका, असं मी कधी म्हटलं नव्हतं. तरीही बसत नसत.

"तुम्ही कायम इतकं हळू बोलता?" त्यांनी विचारलं.

"चित्रं झोपलेली असतात."

"आणि तुम्ही?"

"मी पहाऱ्यावर."

"मग पहारेकऱ्याला चहा आणतो," ते कुजबुजले. दोन कप आले. एकही परत ठेवावा लागला नाही.

चौथ्या दिवशी बाबांकडून साफ करायचं अर्धवट राहिलेलं चित्र कॅमेऱ्यासमोर ठेवलं. खिडकीशी एकटी बसलेली बाई. पडद्यावर राखाडी रेषा उमटत गेल्या... तिच्या शेजारी दुसरी खुर्ची, खुर्चीत कुणीतरी.

"पुसून टाकलं बिचाऱ्याला," ते म्हणाले.

"पुसलं असतं तर दिसलं नसतं. झाकलंय."

मान वळवली, तर ते पडद्याकडे पाहतच नव्हते.

मग त्यांनी अहवाल पुढे केला. "एक रकाना राहिलाय. 'अर्जदाराशी आपले काही नाते?' सोमवारी आलो तेव्हा 'नाही' लिहिलं असतं, डोळे मिटून."

"आणि आता?"

"आता... तुम्ही सांगा. 'आहे' लिहिलं तर माझा अहवाल बाद. दुसरा तपासनीस, सगळं पहिल्यापासून — कॅमेरा कदाचित मिळणारही नाही. 'नाही' लिहिलं तर मंजुरी नक्की. पण तसं लिहून मला पुन्हा इथे येता येणार नाही."

बावीस वर्षं. "नाही" माझ्या ओठांवर आलंसुद्धा. तेवढ्यात स्टुलाकडे नजर गेली. त्यावर बाबांची शेवटची काडी तशीच होती, कापूस वाळून कडक झालेला. खोटं आहे का?

"'आहे' लिही," मी म्हणाले. अहो-जाहो कुठे गळून पडलं, कळलंच नाही.

"आणि कॅमेरा?"

"तोवर थुंकी आहे."

तो हसला. मला मात्र हसता येईना. मी ती काडी उचलून हातात धरली आणि इतकी वर्षं जिन्यावर दिलेलं उत्तर मोठ्याने, चित्रांची झोप मोडेल इतक्या मोठ्याने, खोडून टाकलं.

"नाही हो बाबा... नाही राहवत मला एकटीला."