ओल्या फरशीची खोली

"काम साधंच होतं," काका म्हणाले. "मागची खोली, दहा बाय दहा. मिस्त्रींनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. 'ही तू एकट्याने लाव. सकाळी बघतो. जमली तर मिस्त्री झालास, नाही तर दुसरं काहीतरी बघ बाबा.'"

तो काकांबरोबर फरशीकाम शिकत होता. चाळिशीतला माणूस. छापखाना बंद पडला, वर्षभरात बायको वारली, घरी शाळेत जाणारी मुलगी. या वयात शिकाऊ म्हणून त्याला दुसरं कोणी दारात उभं करणार नव्हतं.

"बावीस नोव्हेंबर, शुक्रवार. घर रिकामं, रंगवालेही गेलेले. आणि याने चूक केली. फरशी समोरच्या भिंतीपासून लावत मागे मागे दाराकडे यायचं असतं. याला वाटलं, दारातून दिसणारी पहिली ओळ देखणी हवी. केली दारापासून सुरुवात! रात्री पावणेदहाला मान वर केली, तर हा पार कोपऱ्यात, दार तिकडे, आणि मध्ये सगळी ओली फरशी."

"म्हणजे स्वतःलाच कोंडून घेतलं?" धाकटा पुतण्या हसला.

"हसतोस काय! पाय पडला की फरशी खचणार, काम गेलं. फोन बाहेर पिशवीत, खिडकीला गज. म्हणाला, बसू सकाळपर्यंत. दोन फुटांच्या जागेत, गुडघे पोटाशी घेऊन."

काका घोटभर पाणी प्यायले.

"घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बल्ब गेला. आणि दारातून हाक आली. 'अहो…'

बाईचा आवाज. हळू, झोपलेल्याला उठवावं तसा. 'अहो… किती वेळ बसणार? चला घरी.'

बायकोचाच आवाज. हुबेहूब. हा उठला. एक पाय उचलला… आणि थांबला."

"का?"

"दोघं एका वर्गातली. ती याला 'अरे' म्हणायची. लग्नानंतरही. सासूने कितीदा डोळे वटारले, तरी अरेच. हा मोठ्याने म्हणाला, 'माझी बायको मला अहो म्हणत नव्हती.'

शांतता.

बराच वेळ.

मग दारातूनच… 'अरे…'"

धाकटा पुतण्या काकांना चिकटून बसला.

"'अरे… ये ना.'

याने डोळे घट्ट मिटले. म्हणाला, 'फरशी ओली आहे. येऊ नकोस.'

पाऊल वाजलं.

मग दुसरं. सावकाश.

मग अगदी समोर… श्वास नाही. शब्द नाही. नुसतं कोणीतरी उभं. आणि हा तसाच… उजाडेपर्यंत."

"आणि मग?" पुतण्याचा आवाज बारीक झाला होता.

"सकाळी मिस्त्री आणि मी गेलो. मिस्त्री दारातूनच ओरडले, 'अरे शहाण्या, तिकडे काय संसार मांडलास?' मग खाली फरशी पाहिली. काम इतकं सरळ, की नजर ठरत नव्हती. फळ्या टाकून आत गेले, हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी वाजवून पाहिली. भरीव. भरीव. भरीव. फक्त याच्या पुढ्यातली शेवटची… पोकळ.

'इथे पाय ठेवलास?'

'मुलीची शपथ, नाही.' त्याचा चेहरा उतरला होता. नापास व्हायला एक पोकळ फरशीही पुरे होती.

मिस्त्रींनी ती उचलली. खाली पाहिलं. मग त्याच्या पायातल्या जाड बुटांकडे पाहिलं. बराच वेळ. 'मिस्त्री झालास,' म्हणाले. 'आता बाहेर चल. लवकर.'

मी वाकून पाहिलं. फरशीवर ओरखडासुद्धा नव्हता. तिच्याखालच्या सिमेंटात दोन पावलं उमटली होती. अनवाणी. खोल. बोटं त्याच्याकडे."