पाचव्या मजल्याची पिशवी

पिशवी ताडपत्रीवर उलटी केली आणि ढिगाच्या अगदी टोकावर दम्याचा पंप दिसला.

"कुणी हात लावू नका," बाई म्हणाल्या.

तळघरात काम करणारी त्यांची चारही माणसं जागच्या जागी थांबली. काल याच इमारतीत, चौथ्या मजल्यावरची विधी अधिकारी दम्याने गेली होती. जेवणाच्या सुट्टीत मजला रिकामा असताना तिला धाप लागली. लोक परतले तेव्हा टेबलाचा खण उघडा होता, तिच्या मुठीत पंप होता आणि तो रिकामा होता.

बाई कार्यालयांतल्या कचऱ्याचं सर्वेक्षण करत. प्रत्येक मजल्याच्या पिशवीला वेगळ्या रंगाची पट्टी, दिवसभराचा कचरा त्यात, दुसऱ्या दिवशी तो ओतून निवडायचा आणि वजन करायचं. लोक पाठीमागे त्यांना 'कचराबाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. माणसं तोंडाने हजार गोष्टी सांगतात, पण डब्याशी खोटं बोलायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

इन्स्पेक्टर वरच होते. खाली आले, हातमोजे घालून त्यांनी पंप उचलला, हलवून पाहिला.

"भरलेला आहे. औषधाच्या दुकानाची चिठ्ठी आहे. तिचंच नाव, परवाची तारीख."

मयताची धाकटी बहीण बहिणीच्या वस्तू न्यायला आली होती. तिला खाली बोलावलं. पंप पाहताच ती मटकन जमिनीवर बसली.

"हा तुम्ही आणला होता?"

"हो. परवा संध्याकाळी. ताई मीटिंगमध्ये होती. तिच्या खणाला कुलूप नसतंच, सगळ्यांना माहीत आहे. मीच खणातला जुना काढला, टेबलाखालच्या डब्यात टाकला आणि हा ठेवला."

"नक्की?"

"मला तसं वाटलं होतं." तिचा आवाज चिरकला. "दोन्ही सारखेच दिसतात हो. मी फोनवर बोलत होते, कुठल्या तरी फालतू गोष्टीवर. काल रात्रभर हाच विचार. आणि आता हा कचऱ्यातच सापडला! म्हणजे नवा टाकला मी. मीच मारलं ताईला."

इन्स्पेक्टरांनी टोपी काढली.

"गफलत झाली. गुन्हा नाही काही. मी तसा अहवाल देतो."

"बिचारी," जिन्याच्या पायरीवरून प्रशासन अधिकारी म्हणाले. नाकाला रुमाल लावलेला. काल सकाळी किल्ल्यांचा जुडगा घेऊन तेच बाईंबरोबर सगळे मजले फिरले होते, तेव्हाही हाच रुमाल होता. चौथ्या मजल्यावर मात्र त्यांनी डब्यांतल्या एकदोन जुन्या पिशव्या स्वतः काढून दिल्या आणि बाईंना त्यांचं कौतुक वाटलं होतं. "आता बसा दिवसभर या घाणीत हात घालून," असंही ते हसत म्हणाले होते. आज ते हसत नव्हते. "घरच्यांना दोष देऊ नका साहेब. होतं असं."

बाई ताडपत्रीवरच्या रिकाम्या पिशवीकडे बघत होत्या. पट्टी निळी होती.

"ही पाचव्या मजल्याची पिशवी आहे," त्या म्हणाल्या. "साहेब, अहवाल जरा थांबवा. मला चौथा मजला बघायचाय."

सगळे त्यांच्यामागून वर गेले. चौथ्या मजल्यावर पाऊल टाकताच घशात खवखवलं. अजून अ‍ॅसिडचा वास होता. सफाईच्या मावशी कोपऱ्यात उभ्या होत्या.

"मावशी, हे काय ओतलंत?"

"डबे धुतले ना बाई, काल जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर. सर्वेक्षण आहे म्हणून तुम्हीच सांगितलंत, असा ऑफिसातून निरोप आला."

"मी?" बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ओला डबा मला कधीच चालत नाही. कचऱ्याबरोबर पाण्याचंही वजन होतं."

मग त्या धाकटीकडे वळल्या. "ताई हल्ली कुठल्या कामात होत्या?"

"एका मुलीने तक्रार केली होती. साहेब अंगचटीला येतो म्हणून. कुठला साहेब ते ताई सांगायची नाही. एवढंच म्हणाली, उद्या निकाल देतेय, एका माणसाची नोकरी जाणार. पण जाऊ दे ना हे आता! पंप मी टाकला."

"तुम्ही नाही टाकला," बाई म्हणाल्या.

धाकटीने वर पाहिलं. बाई मयताच्या टेबलाला टेकल्या.

"परवा संध्याकाळी यांनी डब्यात काहीही टाकलेलं असो. काल सकाळी ऑफिस उघडायच्या आधी आम्ही खालून वर एकेक मजला घेत सगळे डबे रिकामे केले. तो जुना कचरा लगेच गाडीत गेला. तो मी मोजतच नाही, कधीपासूनचा साचलाय कुणाला ठाऊक. मोजायचा तो नव्या पिशव्यांतला, एका दिवसाचा. यांनी नवा पंप टाकला असता तर तो कालच गाडीतून गेला असता. आज सापडलाच नसता."

"कुणी तरी इथून उचलून वर टाकला असेल. दुपारच्या गोंधळात," इन्स्पेक्टर म्हणाले.

"पिशवी उलटी केली की तळातलं वर येतं, साहेब. पंप ढिगाच्या टोकावर होता. म्हणजे पिशवीत पहिला तोच पडला, सकाळच्या चहाच्या कपांच्याही आधी. तेव्हा इमारतीत कोण होतं? माझी चार माणसं, जी इथे पहिल्यांदाच आली होती. मी. आणि किल्ल्या घेतलेले हे."

प्रशासन अधिकाऱ्यांचा रुमाल खाली आला.

"चौथ्या मजल्यावर आम्ही पलीकडच्या टोकाला होतो. यांनी या टेबलाखालची पिशवी काढली. आत वरच रिकामा पंप दिसला. नवा कुठे असतो ते सगळ्या मजल्याला माहीत होतं, वेळेला कुणालाही सापडावा म्हणून तर ती खणाला कुलूप लावत नव्हती. रिकामा खणात गेला, भरलेला खिशात. पुढचा मजला पाचवा. तिथे नवी कोरी पिशवी. आणि दुपारी माझं नाव सांगून इथे अ‍ॅसिड ओतायला लावलं. निकाल द्यायच्या आत तिला धाप लागावी म्हणून."

"काहीही काय बोलता? मला टाकायचाच असता तर मी त्या जुन्या..." ते थांबले.

"बोला ना. जुन्या कचऱ्यात का नाही टाकलात?" बाई जवळ गेल्या. "आम्ही तोच निवडणार, असं तुम्हाला वाटलं म्हणून. नियोजनाच्या बैठकीत मी सगळं समजावून सांगितलं होतं. तुम्ही मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. कचऱ्याचं काय ऐकायचं, नाही का?"

"पण नव्या पिशव्या रोजच्यासारख्या संध्याकाळी गाडीत..."

वाक्य अर्धवट राहिलं. मावशींनी तोंडाला पदर लावला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "निरोप यांचाच होता. शिपायाला पाठवलं होतं."

"तिच्या हातातल्या पंपावरचे ठसे तपासायला पाठवलेत," इन्स्पेक्टर म्हणाले. "तुमचे नसतील तर उत्तमच. चला."

इन्स्पेक्टर त्यांना घेऊन गेले. मजला रिकामा झाला. धाकटी अजून तिथेच उभी होती.

"ऐकलंत ना?" बाई म्हणाल्या. "तुमची काही चूक नव्हती. नवा पंप तुम्ही बरोबर ठेवला होता."

धाकटीने मान हलवली. डोळे कोरडे होते.

"मला कळलं. पण ताईला कुठे माहीत होतं? तिने खण उघडला, पंप दाबला, काहीच आलं नाही. तिला वाटलं असेल, धाकटीने घोळ घातला." तिने बाईंचा हात घट्ट धरला. "असंच वाटलं असेल ना हो तिला?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "बहुतेक तसंच वाटलं असेल."

तेव्हा कुठे धाकटीला रडू फुटलं.