ऐकतोस का रे...

ही गोष्ट मी आजवर चार जणांना सांगितली. दोघं हसले. हसू देत. ज्या घरात हे घडलं त्याच घरात बसून मी हे लिहितेय, आणि यातला एक शब्दही पदरचा नाही.

आणि हो, रात्र नव्हती. वादळ नव्हतं, वीज गेली नव्हती.

बुधवार होता. दुपारचे सव्वातीन. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं.

मी कवळ्या करते. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात, त्यावरून आमच्या लॅबमध्ये आम्ही दात बनवतो. सकाळी सहा ते दुपारी दोन कानाशी घासायच्या मशीनची घरघर. घरी आल्यावर कोणालाही शांतता हवी असेल. मला हवं असतं दणदणीत संगीत. दोन्ही पायांनी बडवलेले ड्रम, खर्जात उतरलेली गिटार, गळा फाडून ओरडणारा गायक.

आत्या म्हणते, "त्या बिचाऱ्याला कोणीतरी पाणी द्या गं."

घरात आम्ही दोघीच. आत्या आणि मी. मी सात वर्षांची असल्यापासून तिनंच मला वाढवलं. आता ती बहात्तर वर्षांची आहे. दुपारी दोन-अडीच तास झोपते, त्यामुळे मोठ्यानं गाणी लावायची सोय नाही. हेडफोनच लागतात, आणि तेही कान पूर्ण झाकणारे.

माझ्या जुन्या हेडफोनचा पट्टा मधोमध मोडला. चिकटपट्टी लावून दोन महिने काढले, मग तीही दमली.

लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर जो बसतो त्याला आम्ही बारीकराव म्हणतो. दातावरची रेघसुद्धा तो भिंगातून तीनदा बघतो. हेडफोनच्या बाबतीतही तसाच.

"जड संगीताला बास, म्हणजे तो खालचा घुमणारा आवाज, जास्त घ्यायचा नाही," तो म्हणाला. "जास्त बास म्हणजे नुसता चिखल. ठोका पडला की तिथल्या तिथे थांबला पाहिजे. आणि मागून बंद असलेले घे. उघडे ऐकायला छान असतात, पण तुझं सगळं आरडणं आत्यांना ऐकू जाईल."

"आणि माझ्या खिशाचं काय?"

"मग वापरलेले बघ."

दुकानही त्यानंच सांगितलं. एका बोळातलं, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. दुकानदार काका साठीचे. चष्मा कपाळावर, समोर कसलं तरी सोल्डरिंग चाललेलं.

मी माझं ठरलेलं गाणं घेऊन गेले होते. त्यात मध्येच सगळी वाद्यं एकदम थांबतात. दोन सेकंद काहीच नाही. मग सगळी एकदम कोसळतात. हेडफोन कसा आहे ते तिथे कळतं.

पहिल्यात ड्रम असे वाजत होते, जणू कोणी गादी झोडपतंय. दुसऱ्यात झांजा इतक्या चरचरीत की दातांत कळ आली. तिसरा सुरेख होता, पण काउंटरपलीकडून काका मान डोलवायला लागले.

"मलाही येतंय ऐकू," ते म्हणाले.

चौथा त्यांनी दाखवला नाही. मीच पाहिला. खालच्या फळीवर, कोपऱ्यात. काळा, जाड गाद्यांचा, मागून बंद.

"तो वापरलेला आहे," काका म्हणाले. मग जरा थांबून, "आवाज चांगला आहे त्याचा."

मी कानांवर चढवला.

बाहेरचं जग पुसलं गेलं. रस्त्यावरचे हॉर्न, काकांचा खडखडणारा पंखा, सगळं. ड्रमचा प्रत्येक ठोका सुटा. तीन गिटार एकावर एक चढलेल्या, तरी तिन्ही वेगळ्या. मला हसूच आलं.

मग ती दोन सेकंदांची शांतता आली...

आणि कोणीतरी हाक मारली.

मी हेडफोन काढला. "काय म्हणालात, काका?"

"मी? काही नाही."

ते मान खाली घालून काम करत होते. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी होती. मी घेऊन टाकला.

तीन दिवस काही झालं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मी माझ्या खोलीत, पलंगावर पाय पसरून ऐकत बसले होते. गाणं ऐन भरात. आणि त्या सगळ्या गदारोळाच्या मागून...

"ऐकतोस का रे..."

बाईचा आवाज. म्हातारा. दमलेला. भिंतीपलीकडून यावा तसा.

आत्याच असणार. मी हेडफोन काढून तिच्या खोलीत गेले. ती भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. मी तिथेच उभी राहून तिचे चार-पाच श्वास मोजले, मग परत आले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मी गाणं बदललं. वायर बदलली. हेडफोन आत्याच्या फोनला जोडून पाहिला. काही उपयोग नाही. आवाज वाढवला की ती हाकही वाढायची. मात्र ओरडत नव्हती. कोणी आपल्याला दोन तास हाका मारत असेल आणि शेवटी त्याचा धीर सुटत चालला असेल... तसं काहीतरी.

आणि नेहमी डाव्या कानात.

पलंगावर बसलं की माझ्या डावीकडे भिंत येते. भिंतीपलीकडे आमचं बाथरूम आहे.

सोमवारी मी हेडफोन लॅबमध्ये नेला. बारीकरावाला काही सांगितलं नाही. "कसा वाटतो बघ," एवढंच म्हणाले.

तो डोळे मिटून ऐकत होता. पहिलं गाणं संपत आलं तेव्हा त्यानं पटकन डोळे उघडले आणि दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. हळूच, गरम वस्तू ठेवावी तसा.

"तुला काय ऐकू आलं?" मी विचारलं.

"तू सांग आधी."

"ऐकतोस का रे."

त्यानं हेडफोन माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "तुला काय वाटलं, कोण आहे?"

"मला वाटलं आत्या."

"आत्या तुला 'रे' म्हणतात?"

इतक्या दिवसांत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत्या मला जन्मात कधी 'रे' म्हणालेली नाही. ती जी कोण होती, ती मला हाक मारत नव्हती. ती दुसऱ्याच कोणाला तरी हाक मारत होती.

"परत करून टाक," बारीकराव म्हणाला. "आजच्या आज."

मंगळवारी गेले तर बोळात खोदकाम, जायला वाटच नाही. बुधवारी दुकान बंद असतं. गुरुवारी नक्की, असं ठरवून मी हेडफोन कपाटात ठेवला.

आणि बुधवार आला.

लॅबमधून आले तर वरच्या मजल्यावर फरशी फोडायचं काम चालू. ड्रिल अशी की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. सकाळपासून मशीनची घरघर ऐकून आलेली मी, डोकं नुसतं ठणकत होतं. आत्या झोपली होती. ती कशी झोपू शकते याचंच मला नवल वाटलं.

मी कपाटाकडे पाहिलं.

गाणं लावायचं नाही, मी ठरवलं. वायरही जोडायची नाही. नुसते कान झाकायचे. वायर नसलेला हेडफोन म्हणजे कानावरच्या दोन उश्या. त्यात काय येणार आहे?

वायर गुंडाळून टेबलावर ठेवली आणि हेडफोन चढवला.

ड्रिल लांब गेली. कापसात गुंडाळल्यासारखी झाली. मी भिंतीला डोकं टेकलं.

पाच मिनिटं गेली असतील... ड्रिल थांबली.

मला वाटलं, बरं झालं, संपलं काम. मी डोळे उघडले.

समोर टेबलावर पाण्याचा ग्लास होता. त्यातलं पाणी थरथरत होतं. बारीक बारीक वर्तुळं उठत होती.

ड्रिल चालूच होती.

मला ऐकू येत नव्हती.

काहीच ऐकू येत नव्हतं. स्वतःचा श्वाससुद्धा नाही. हेडफोन काढायला मी हात उचलला आणि तेवढ्यात डाव्या कानात...

कोणीतरी श्वास घेतला.

अगदी जवळ. भिंतीपलीकडून नाही. कानावरच्या गादीच्या आत.

"ऐकतेस का गं..."

या वेळी 'रे' नव्हतं.

"ती पडलीये."

हेडफोन कधी फेकला मला आठवत नाही. ड्रिलचा आवाज एकदम अंगावर कोसळला एवढं आठवतंय. मी आत्याच्या खोलीत गेले. पलंग रिकामा. बाथरूमकडे धावले.

आत्या जमिनीवर होती. एक पाय विचित्र वळलेला, तोंड पांढरंफटक. ओठ हलत होते पण काही ऐकू येत नव्हतं. तिनं कितीही हाका मारल्या असत्या तरी वरच्या त्या ड्रिलमध्ये मला एकही ऐकू आली नसती.

मी दारातच थिजले.

कारण आत्याचं डोकं फरशीला टेकलेलं नव्हतं.

चार बोटं वर होतं. खाली काही नव्हतं. ना उशी, ना टॉवेल. तिची मान इतकी सैल होती की ती स्वतः डोकं उचलून धरेल हे शक्यच नव्हतं.

तेवढ्यात वरची ड्रिल थांबली. "हात काढू नकोस गं," आत्या डोळे मिटूनच पुटपुटली. "डोक्याखालचा हात काढू नकोस."

मी अजून उंबऱ्याबाहेर होते.

मी आत पाऊल टाकलं. तिचं डोकं सावकाश, अगदी जपून, खाली टेकलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर सापडल्या. तासभर तशाच पडून राहिल्या असत्या तर अवघड होतं." मी नुसती मान हलवली.

शनिवारी दवाखान्यातून मी थेट त्या दुकानात गेले. हेडफोन काउंटरवर ठेवला. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि सोल्डरिंग बंद केलं.

"कोणाचा होता हा?" मी विचारलं.

"काय झालं?"

"आधी तुम्ही सांगा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला. "एक माणूस आला होता. चाळिशीचा असेल. चांगला ओळखीचा, माझ्याकडूनच नवा घेतलेला त्यानं. म्हणाला, काका, किती द्यायचे ते द्या, नाही दिलेत तरी चालेल, पण हा माझ्या घरातून न्या."

"का?"

"त्याची आई बाथरूममध्ये पडली होती. हा शेजारच्या खोलीत, कानांवर हे. दोन तास." काकांनी चष्मा कपाळावर सारला. "ती गेल्यावर शेजारच्यांनी त्याला सांगितलं की म्हातारी हाका मारत होती. त्यांना वाटलं, मुलगा घरात आहे, बघेल तो."

मी हेडफोन त्यांच्याकडे ढकलला.

"मी तुला सांगायला हवं होतं," काका म्हणाले. "पण काय सांगणार? मी स्वतः लावून पाहिला होता. मला काही ऐकू आलं नाही."

"त्या माणसाचा फोन आहे?"

"लागत नाही आता. घर सोडून गेला तो. कुठे गेला, कोणाला माहीत नाही."

मी पैसे परत मागितले नाहीत. त्यांनी हेडफोनला हातही लावला नाही. "राहू दे तिथेच," एवढंच म्हणाले.

लोक मला म्हणतात, अगं, तिनं तुझ्या आत्याला वाचवलं, मग घाबरतेस कशाला? त्यांचं चुकत नाही. मीही स्वतःला हेच समजावलं. कितीतरी दिवस समजावलं.

आत्या घरी आली. आता वॉकर धरून चार पावलं चालते. त्या दिवसाचं तिला काही आठवत नाही. मी यातलं अक्षरही तिला सांगितलेलं नाही, दुकानातलं तर नाहीच. बारीकरावालाही शपथ घातलीये.

तीन आठवड्यांपूर्वी दुपारी मी बाहेरच्या खोलीत कपडे आवरत होते. आत्याच्या खोलीतून बोलण्याचा आवाज आला. शांत, समजुतीचा. दारात आलेल्या अनोळखी माणसाशी बोलावं तसा.

"नाही हो बाई. तुमचा मुलगा नाही इथे."

मी दारातून डोकावले. आत्या पलंगावर आडवी होती, डोळे मिटलेले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"कोणाशी बोलत होतीस?"

"कोण, मी?" ती डोळे उघडून म्हणाली. "झोपले होते की."

चार दिवसांनी पुन्हा. "इथे माझी भाची असते फक्त."

मग परवा. "कुठे गेला ते आम्हाला कसं माहीत असणार?"

आज मी लॅबमधून लवकर आले. आत्याला पलंगावर टेकवलं, वॉकर पुसायला बाहेर आणला. तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. या वेळी ती बराच वेळ गप्प राहून कोणाचं तरी ऐकत होती. मधूनमधून "हं... हं..." म्हणत होती.

मग म्हणाली, "बरं. मग बसा इथेच."

आणि आत खुर्ची सरकली.

आत्याला वॉकरशिवाय उठता येत नाही. वॉकर माझ्यासमोर आहे.

हे लिहितेय तेव्हा चार वाजलेत. तिला औषध द्यायची वेळ झालीये.

मी अजून उठले नाहीये...