चौथ्या पायाचे ठोके

रसिका, बाल्कनीचं दार लोटून घे, धूर आत येतोय. पुष्कर, तू अभ्यासाला निघाला होतास ना? नाही? मग बस.

हे मी कुठे वाचलेलं नाही. हेरंब माझ्या हाताखाली सहा वर्षं होता. पुण्याचा मुलगा, डोक्याने साफ. मोठ्या यंत्रांचे हादरे कमी करायचे, हेच त्याचं काम. भूतबीत म्हटलं की हसायचा. त्यानेच मला सांगितलं, इथे मयूर विहारला येऊन, याच सोफ्यावर बसून. सांगताना हसला नाही.

दोन हजार चोवीस, सोळा नोव्हेंबर, शनिवार. मानेसरला एक कारखाना आहे, नाव राहू दे. तिथे गाड्यांची दारं बनतात. रोबो पत्रा उचलतो, प्रेसमध्ये ठेवतो, वरून शेकडो टनांचा दाब येतो, दार तयार. माणसाचा हात लागत नाही. पण दोन महिन्यांपासून ती प्रेस जास्तच हादरत होती. पत्रा केसभर सरकायचा आणि दाराच्या कोपऱ्याला चीर जायची. म्हणून हेरंबला बोलावलं. शेजारच्या लाइनी बंद असल्या की जमीन शांत असते, मोजमाप खरं मिळतं. त्यामुळे रात्रीची वेळ ठरली.

बायकोला, तेजश्रीला, "एकपर्यंत येतो" म्हणाला आणि गुरुग्रामहून साडेनऊला निघाला.

शेडमध्ये दोनच माणसं. हेरंब आणि नरसिंह, तिथला जुना फिटर, रेवाडीकडचा. प्रेसचे चार पाय खाली खड्ड्यात उतरलेले. प्रत्येक पायाखाली जाड रबरी गादी, हादरा शोषायला. हेरंबने चारही पायांना सेन्सर चिकटवले आणि वायरी वर आणून लॅपटॉपला जोडल्या. चौथा पाय भिंतीला खेटून होता. मधल्या फटीत जेमतेम पंजा जाईल. तिथला सेन्सर त्याने काठीच्या टोकाला बांधून पोचवला.

पावणेबाराला नरसिंह म्हणाला, "साहब, मैं चाय लेकर आता हूँ." आणि गेला.

हेरंबचा बेत साधा होता. आधी बंद मशीनचं दहा मिनिटांचं मोजमाप, मग मशीन चालू करून दुसरं. स्क्रीनवर चार रेघा, चारही सरळ.

बारा वाजून चार मिनिटांनी चौथी रेघ उडाली.

तीन ठोके. मग शांतता. मग पुन्हा तीन.

त्याला वाटलं, लॅपटॉपच्या जोडणीत गडबड असेल. त्याने पहिली आणि चौथी वायर आपसांत बदलली. लॅपटॉपची चूक असती, तर ठोके चौथ्याच रेघेवर राहिले असते. ते राहिले नाहीत. वायरीबरोबर पहिल्या रेघेवर गेले. म्हणजे ठोके खरोखर त्या पायाकडूनच येत होते.

मशीन बंद. शेजारचीही बंद. रस्त्यावर ट्रक नाही.

"सर, मला वैताग आला होता," हेरंब मला म्हणाला. "म्हटलं, चालू करूनच बघू." तो पॅनलपाशी गेला. हिरव्या बटणावर बोट ठेवलं.

आणि त्याच्या बुटांखालची जमीन हलली.

ठक... ठक... ठक.

आता स्क्रीन बघायची गरज नव्हती. त्याने बोट काढलं.

"नरसिंहजी?"

त्याने खाली वाकून पुन्हा हाक मारली.

"नरसिंहजी..."

खालून आवाज आला. खड्ड्यातून. "हाँ साहब. नीचे हूँ."

चहाला जाता जाता नरसिंहच्या मनात आलं होतं, आधी खालच्या गाद्या बघून घेऊ, आणि तो मागच्या बाजूने खड्ड्यात उतरला. खाली उतरताना स्विचला कुलूप लावायचं असतं, म्हणजे वरून कोणी मशीन चालू करू शकत नाही. तेच राहिलं. आता लक्षात घ्या, मशीन सुरू झालं की कापलेले तुकडे त्या खड्ड्यात पडतात आणि ते ओढून नेणारा पट्टा फिरायला लागतो. नरसिंह त्या पट्ट्यावर उभा होता.

तो शिडीने वर आला. "बरं झालं तुम्ही ठोकलंत," हे हेरंबने कसंबसं हिंदीत सांगितलं.



"मैंने कुछ नहीं ठोका, साहब. मैं तो पहले पाये के पास था. हाथ में टॉर्च थी."

दोघं बोलत उभे होते, तेवढ्यात पुन्हा... ठक. ठक. ठक.

या वेळी नरसिंहनेही ऐकलं. त्याने टोपी काढली. फार हळू म्हणाला, "ताले-चाबी बाद में आए. पहले जो अंदर जाता था, पाने से तीन बार ठोकता था. मतलब, मैं अंदर हूँ, मत चलाना."

"कौन ठोकता था?"



"एक बार ऊपर बटन पर खड़े आदमी ने सुना नहीं," नरसिंह एवढंच म्हणाला. मग खड्ड्याकडे पाठ केली.

काय, रसिका? नाही, त्या माणसाचं नाव हेरंबने पुन्हा विचारलं नाही. तू विचारलं असतंस?

दोघं गेटवर जाऊन बसले. उजाडेपर्यंत. तेजश्रीचे सात फोन आले होते. त्याने एकही उचलला नाही.

सकाळी सात वाजता साहेब लोक आले. नरसिंहने स्वतः स्विचला कुलूप लावलं, खड्डा तपासला, कुलूप काढलं, आणि मग चाचणी झाली. हादरा तिसऱ्या हिश्श्यावर आला होता. दाराला चीर नाही. सगळ्यांनी हेरंबची पाठ थोपटली. त्याने काहीच केलं नव्हतं. एक नटसुद्धा फिरवला नव्हता.

साहेब लोक गेल्यावर त्याने काठीला फोन बांधला, त्याचा दिवा लावला आणि त्या फटीत सोडून वरून वाकून पाहिलं. सेन्सर जागेवर होता. आजूबाजूला वर्षानुवर्षांची तेलकट धूळ, तिच्यावर बोटाची खूण नाही. पण चौथ्या पायाचा मोठा नट... पार आवळलेला. आणि नटावरून पायापर्यंत ओढलेली एक पिवळी रेघ. फिटर काम पुरं झालं की अशी रेघ ओढतो. नट पुढे कधी सैल झाला, तर ती तुटलेली दिसते.

"ये निशान तुम्हारा है?" हेरंबने नरसिंहला विचारलं.

नरसिंहने नुसती मान हलवली. नाही.

हेरंबने काठी वर ओढली. तिच्या टोकाला पिवळा रंग लागला होता. ओला.