क्षोभमात्रा

मंगळवारी सकाळी वृषाली शिंत्रेंच्या पुढ्यात आलेल्या चहावर पुन्हा साय धरली होती. त्यांनी बशीसकट कप उचलला, भोजनगृहाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, "हा चहा कुणी केलाय? पुढे या!"

कुणी पुढे आलं नाही. येणार कोण? ‘निवांत’मधल्या प्रत्येकाचं त्या वेळी आपापलं भांडण चालू होतं. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं कुणीतरी आधीच सोडवून ठेवलं, तेही चुकीचं, म्हणून शबाना मुल्ला व्यवस्थापकाला फैलावर घेत होत्या. गवाणकरांची डावी चप्पल हरवली होती, आणि ते उजवी हातात घेऊन टेबलांमधून प्रत्येकाचे पाय तपासत फिरत होते. कॅरमचा स्ट्रायकर परत मिळावा म्हणून नऊ जण दारातच ठिय्या देऊन बसले होते. त्यांतल्या सर्वांत धाकट्या आजीबाई एकोणऐंशी वर्षांच्या होत्या आणि घोषणा त्याच देत होत्या.

हे २०६१ साल. तोवर महाराष्ट्रात ऐंशीच्या पुढचा जवळजवळ दर तिसरा माणूस आपल्या मुलांची नावं विसरू लागला होता. आजऱ्याजवळच्या डोंगरात असलेल्या ‘निवांत’ वृद्धनिवासात मात्र एकही विसराळू माणूस नव्हता. भेटायला येणारे दोनच गोष्टी सांगत परत जात. इथली म्हातारी माणसं सदान्‌कदा भांडतात, आणि इथं कुणीच काही विसरत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

वृषालीताई एसटीत बत्तीस वर्षं काढून आगार व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेल्या. उभ्या हयातीत त्यांनी प्रवाशांच्या तक्रारी ऐकल्या होत्या. आता तक्रारवही त्यांच्या हातात होती. तारीख, वेळ, प्रकार. गरम पाणी नाही. उशीचा अभ्रा आखूड. शेजारच्या खोलीत गवाणकर पहाटे पाचला पेटी बडवतात. वहीच्या पहिल्या पानावर मात्र एकच तक्रार होती, आणि ती ‘निवांत’बद्दल नव्हती. "गार्गीचा शुभेच्छासंदेश वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी आला. एकच ओळ."

गार्गी त्यांची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिनं आईला इथं आणून सोडलं आणि मग फिरकली नाही. फोन नाही, पत्र नाही. ती एक ओळ, तीही शिळी. "जिला जन्म दिला तिला माझा जन्मदिवस ठाऊक नाही," असं वृषालीताई मनात रोज म्हणत. दात घासताना म्हणत, देवापुढे बसल्यावर म्हणत. म्हणता म्हणता त्यांचे कान तापत.

त्या मंगळवारी त्यांनी ठरवलं, आता पुरे. सगळ्यांच्या तक्रारी एकत्र करून थेट ज्येष्ठ नागरिक आयुक्तांकडे धाडायच्या. शबानाबींनी घरोघर फिरावं तसं खोल्याखोल्यांतून फिरून कागद जमवले. दोघींनी जमिनीवर मोठा तक्ता पसरला. आडव्या ओळीत तारखा, उभ्या ओळीत माणसं.

दुपारपर्यंत तक्ता भरला. वृषालीताईंनी चष्मा पुसून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि त्या तारखांवरून बोट फिरवू लागल्या.

"काय गं?" शबानाबींनी विचारलं.

"शबाना, हे वेळापत्रक आहे."

"कसलं?"

"अगं, बत्तीस वर्षं मी हेच केलं. माझा चहा मंगळवारी आणि शुक्रवारीच थंड. तुझं कोडं दर चौथ्या दिवशी. एका माणसाला एका दिवशी दोन त्रास नाहीत. गेल्या महिन्यात तुला ताप आला ते पाच दिवस बघ, कोरे आहेत. ही हेळसांड असती तर अशी शिस्तीत झाली नसती. कुणीतरी बसून ड्यूट्या लावल्यात."

तक्त्याची गुंडाळी काखेत मारून त्या जिना उतरल्या आणि डॉ. सान्वी केरकरांच्या खोलीचं दार त्यांनी न वाजवताच उघडलं. केरकर म्हणजे ‘निवांत’च्या संचालक, पंचेचाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या मेंदूतज्ज्ञ. त्यांनी टेबलावर पसरलेला तक्ता पाहिला. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"बसा, शिंत्रेताई."

"बसायला आले नाही मी. माणसांना छळायचं वेळापत्रक करता? लाज नाही वाटत?"

"वाटते," केरकर म्हणाल्या. "पण आधी ऐकून घ्या. मेंदूच्या तळाशी, मानेच्या जरा वर, निळसर पेशींचा एक ठिपका असतो. आम्ही त्याला नीलबिंदू म्हणतो. घरातली घंटा समजा. काही बिनसलं की ती वाजते आणि सगळा मेंदू जागा होतो. म्हातारपणी सगळ्यांत आधी हा ठिपकाच वाळायला लागतो. घंटा वाजेनाशी झाली की हळूहळू सगळं घर झोपी जातं. त्यालाच लोक विसराळूपणा म्हणतात."

"मग औषध द्या की!"

"दिलं. महिन्याभरात मेंदूला त्याची सवय होते. माणसांना घाबरवून पाहिलं, तर हृदयाला सोसेना. आनंदानं तर नीलबिंदू ढिम्म हलत नाही. तो वर्षानुवर्षं टिकतो एकाच गोष्टीनं, आपल्यावर अन्याय झालाय या भावनेनं. अन्याय झालेला माणूस तारखा लक्षात ठेवतो. पुरावे जमवतो. अंघोळ करता करता मनातल्या मनात भांडतो. त्याचा मेंदू झोपूच शकत नाही. आम्ही मोजून तसा राग देतो. त्याला क्षोभमात्रा म्हणतो. थंड चहा ही लहान मात्रा, सहा तास पुरते. चप्पल दोन दिवस."

"आणि गवाणकरांची पेटी?"

"ती नैसर्गिक आहे. आम्ही फक्त त्यांना तुमच्या शेजारची खोली दिली."

एरवी वृषालीताई हसल्या असत्या. पण त्यांच्या मनात भलतंच काही आलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली.

"सहा तास, दोन दिवस... वर्षभर पुरेल अशी मात्रा कुठली?"

केरकरांची नजर टेबलाच्या खणाकडे गेली.

"माझा वाढदिवस," वृषालीताई म्हणाल्या.

"हो. गार्गी आजऱ्यातच राहते. महिन्यातून एकदा येते, याच खोलीत बसते, तुमची विचारपूस करते आणि मागच्या दारानं जाते. तो संदेश दुसऱ्या दिवशी पाठवायला मीच सांगितलं. पहिल्या वर्षी तिनं ऐकलं नाही, वेळेवर पाठवला. त्या महिन्यात तुम्ही दोनदा स्वतःची खोली चुकलात."

वृषालीताईंनी टेबलावर मूठ आपटली. "माझ्या पोरीला माझ्यापासून तोडलंत! कुणी अधिकार दिला तुम्हाला?"

"तुम्हीच," केरकर म्हणाल्या आणि त्यांनी खणातून दोन जुन्या वह्या काढल्या. दोन्हींवर वृषालीताईंचं ठसठशीत अक्षर होतं. दोन्हींच्या शेवटी घडी घातलेला तक्ता होता. आडव्या ओळीत तारखा, उभ्या ओळीत माणसं.

"तुम्ही इथं दोन वर्षं नाही, सात वर्षं आहात. आज हे तुम्ही तिसऱ्यांदा शोधून काढलंत. पहिल्या वेळी तुम्ही गार्गीला पोटाशी धरलंत आणि तिच्याबरोबर घरी गेलात. फार सुखात होतात. एकोणीस दिवसांनी तुम्ही तिला विचारलंत, बाई, तुम्ही कुणाकडे आलात? ती तुम्हाला परत घेऊन आली. हे सगळं आपल्याला कळलं होतं हेही तुम्ही विसरला होतात, म्हणून मात्रा पुन्हा सुरू करता आली. दुसऱ्या वेळी तुम्ही म्हणालात, मी इथंच राहते आणि मुद्दाम रागावते. नाही जमलं. खोटा राग नीलबिंदूला कळतो. दोन्ही वेळा पुन्हा सुरुवात करायला सही तुमचीच होती, शुद्धीत असताना आगाऊ केलेली."

वृषालीताईंनी सही पाहिली. सही त्यांचीच. त्यांना कधी नव्हे ती भीती वाटली, आणि मग त्या भीतीचाच राग आला. सात वर्षं! त्यांतली पाच कुठं गेली?

"चौथ्या वेळी काय होईल?"

"दर वेळी खाली घसरल्यावर वर येणं कमी होतं. चौथ्यांदा बहुतेक वर येता येणार नाही."

"बोलवा तिला," वृषालीताई म्हणाल्या.

अर्ध्या तासात गार्गी आली. सत्तेचाळीस वर्षांची, कानांवरचे केस पांढरे झालेली. तिनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या तक्त्याकडे, आणि तिला सगळं समजलं. ती दाराशीच थांबली.

"ये," वृषालीताई म्हणाल्या. "चिडू कशी तुझ्यावर? तेच तर संपलंय आता. गेल्या अर्ध्या तासात मी तुझ्यावर रागवायचा प्रयत्न केला. येत नाही राग."

गार्गी त्यांच्या पायांशी बसली. वृषालीताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. केरकरांच्या संगणकाच्या पडद्यावर नीलबिंदूची एक निळी रेघ होती. वृषालीताईंच्या मनगटावरच्या पट्टीतून ती येत होती. ती हळूहळू खाली सरकत होती. केरकरांनी पडदा वळवायचा प्रयत्न केला, पण वृषालीताईंनी ती पाहिली होती.

"गार्गी, मला हे नको," त्या म्हणाल्या. "मला मूर्ख होऊन मरायचं नाही. तुला बाई म्हणायचं नाही. माझ्यावर रागवायला एखादं कारण दे. खरं कारण. थंड चहासारखं नको."

"आई, काहीतरीच काय."

"आहे का? तुझ्याकडे आहे का काही?"

गार्गीनं मान खाली घातली. ती म्हणाली, "आहे. दोन्ही वेळा जिभेवर आलं होतं. पण मला वाटलं, एकोणीस दिवस तरी मिळतायत, ते घ्यावेत."

"बोल."

"बाबा गेले तेव्हा तू पुरात होतीस."

"शिरोळकडची माणसं काढत होते. तीन दिवस, बावीस गाड्या. ते झोपेत गेले असं तूच सांगितलंस."

"झोपेत नाही गेले. त्या दुपारी दवाखान्यात त्यांनी मला तुला फोन लावायला सांगितला. तुझ्याशी बोलायचं म्हणाले. मी बाहेर गेले. पाच मिनिटं व्हरांड्यात उभी राहिले आणि आत येऊन सांगितलं, आई म्हणते तिला वेळ नाही. मी फोन लावलाच नव्हता."

वृषालीताईंनी तिच्या डोक्यावरचा हात काढून घेतला.

"का?" वृषालीताईंनी विचारलं.

"तुझा राग होता मला. माझ्या प्रत्येक गॅदरिंगला, प्रत्येक आजारपणात तू डेपोत. वाटलं, एकदा बाबांनाही कळू दे ही कशी आहे ते."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, बरोबर आहे, तिच्या गाड्या सुटायच्या असतील. मग भिंतीकडे तोंड केलं. साडेचारला गेले."

त्या दिवशी चार वाजता वृषालीताई गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. हे त्यांना आत्ता, वीस वर्षांनी, समोर दिसावं तसं आठवलं. एका वाहकानं त्यांच्या हातात काळा चहा दिला होता. त्यांनी खिशातून फोन काढून पाहिला होता. रेंज पूर्ण होती. गार्गीचा फोन नाही म्हणजे सगळं ठीक असणार, असं म्हणून त्यांनी फोन परत खिशात टाकला होता. आठवणीमागून आठवण येऊ लागली. चालकांची नावं आली, गाड्यांचे क्रमांक आले, दवाखान्यातल्या खाटेचा नंबर आला, चितेपाशी गार्गीनं आपला हात धरून ‘शांतपणे गेले गं’ म्हटलं होतं तो आवाज आला. तो आवाज आला तेव्हा वृषालीताई उठून उभ्या राहिल्या.

"बाहेर हो."

"आई..."

"माझं नाव काढू नकोस! वीस वर्षं माझ्या ताटात जेवलीस. त्यांच्या फोटोला हार घालत राहिलीस. ऊठ! डोळ्यांसमोर उभी राहू नकोस माझ्या!"

त्यांचा आवाज इतका चढला, की बाहेर स्ट्रायकरसाठी चाललेल्या घोषणा थांबल्या. निळी रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडली होती. एवढी उंच रेघ केरकरांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी एकदा गार्गीकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या हातांकडे.

गार्गी उठली. वाकून नमस्कार करावा की नाही हे तिला कळेना. तिनं केला नाही. ती मागच्या दाराकडे वळली, मग थांबली आणि पुढच्या दारानं, सगळ्यांच्या देखत, बाहेर पडली.

वृषालीताई खिडकीशी उभ्या राहून तिला जाताना बघत होत्या. तिचा जन्म गुरुवारचा, दुपारी पावणेदोनचा. पहिला दात सातव्या महिन्यात. शाळेच्या पहिल्या दिवशी ती रडली नव्हती, उलट रडणाऱ्या दुसऱ्या मुलीची समजूत घालत बसली होती. सगळं लख्ख आठवत होतं, आणि आता मरेपर्यंत आठवणार होतं. गार्गी फाटकापर्यंत पोहोचली, मिनिटभर तिथंच पाठमोरी उभी राहिली. हाक मारावी असं वृषालीताईंना एकदाही वाटलं नाही.