रामनवमीच्या सकाळचं पाणी

मनवेलपाड्यातल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात लोक यायचे ते पळालेला भाडेकरू नाहीतर हरवलेली साखळी शोधून द्या म्हणत. २००१च्या मे महिन्यात सालोमी नावाच्या शिक्षिका आल्या, त्यांची तक्रार ऐकून आत्माराम मात्र चक्क हसले.

“पाणी स्वच्छ निघालं, म्हणून तक्रार?”

“आत्माराम,” वसुंधराबाई म्हणाल्या, “पंखा वाढवा.”

म्हणजे गप्प बसा. विमा कंपनीत वीस वर्षं खोटे दावे पकडून झाल्यावर बाईंनी हा तपासाचा उद्योग थाटला होता. पोस्टातून रिटायर झालेले आत्माराम त्यांच्या फायली सांभाळत. बाईंच्या चार पावलं मागे राहायची आता त्यांना सवय झाली होती.

सालोमीबाईंनी हकिगत सांगितली. त्या वसईच्या वाडीवाल्या घरातल्या, केळी आणि पानवेलींत वाढलेल्या. पण गेली सहा वर्षं शाळा सुटली की त्यांचा मुक्काम गावच्या खाडीवर. चारशे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, त्यांनी लावली होती. कालवांच्या जुन्या शिंपा जाळीत भरून खडकांवर ठेवल्या, त्यांच्यावर नवी कालवं धरली. सगळं हळूहळू मार्गी लागत होतं, तोच काठावर आठ इमारतींचं संकुल उभं राहिलं आणि त्याचं मैलापाणी भल्यामोठ्या पाइपातून खाडीत सुटलं.

“केळीला खत जास्त झालं तर केळ जळते,” त्या म्हणाल्या. “खाडीचं तेच झालंय. शेवाळ माजतं, ते कुजतं, मग पाण्यात श्वासच उरत नाही. सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात.”

त्या कोर्टात गेल्या. कोर्टाने हुकूम दिला की पाइपाच्या तोंडाशी, पूर्ण ओहोटीला, पाण्याचा नमुना घ्यावा. पाणी खराब निघालं तर संकुलाने शुद्धीकरणाचा प्लांट बांधायचा. सरकारी अधिकारी आले, बाटल्या भरल्या, पंचांसमक्ष लाखेचं सील लागलं आणि ते लॅबपर्यंत जसंच्या तसं पोचलं. रिपोर्ट आला: नायट्रोजन नगण्य, फॉस्फरस नगण्य, क्षार समुद्राइतका. दावा निकालात निघाला. अपिलाला आता चार दिवस उरले होते.

“बाटल्या कुणीतरी बदलल्या,” सालोमीबाई म्हणाल्या. “नाहीतर सहा वर्षं मीच खोटं बोलत होते असं होतं.”

“नमुना कधी घेतला?” वसुंधराबाईंनी विचारलं.

“रामनवमीला, सकाळी सातला. मी गावात नव्हते. सुट्टीच्या दिवशी यावं लागलं म्हणून साहेब कुरकुरत होते म्हणे.”

त्यांनी कोर्टाच्या कागदांतला एक फोटो पुढे केला. होडीतून वाकून बाटली भरणारे साहेब, शेजारी पाइप, आणि मागे तिवरांचे हिरवे शेंडे पाण्यावर मांडून ठेवल्यासारखे. वसुंधराबाई तो बराच वेळ बघत राहिल्या. आत्मारामांना त्यात साहेबांच्या ढेरीखेरीज बघण्यासारखं काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं खाडीवर पोचले तेव्हा पाणी पार आत गेलं होतं. उरला होता काळा चिखल आणि नाकातले केस जळावेत असा वास. पाइप ओकत होता. आत्माराम शौर्याने त्याच्या दिशेने निघाले, पाचव्या पावलाला गुडघाभर रुतले आणि डावी चप्पल तिथेच अर्पण करून परतले. मुळांवर उघडी उभी असलेली तिवरं जणू गंमत बघत होती.

ज्याच्या होडीतून नमुना घेतला तो क्लेमेंट काठावर जाळं शिवत बसला होता.

“खोका कुनाच्या ताब्यात होता?” वसुंधराबाईंनी त्याच्याच बोलीत विचारलं.

“सायबाच्या मांडीवर. म्या फक्त वल्हं मारलं. होडी थेट पायपाला टेकवली, सायबाच्या बुटाला चिखल पन लागला नाय.”

“घड्याळ बघून निघालात?”

“दर्याला घड्याल कशाला? तिथी पुरते. पन मला कोनी इचारलं नाय. म्हनाले सातला ये, आलो.”

संकुलाच्या साइट ऑफिसात विघ्नेश नावाचा तरुण इंजिनीअर भेटला. प्लांट टळल्यामुळे सगळ्यात जास्त फायदा त्याच्या कंपनीचा झाला होता, त्यामुळे आत्मारामांनी त्याला आल्या आल्या मनातल्या मनात बेड्या घातल्या.

“मॅडम, मी बाटलीला हातसुद्धा लावला नाही,” तो वैतागून म्हणाला. “खरं सांगू? आम्हीच टेन्शनमध्ये होतो. पहिली नोटीस दुपारी एकची होती, ही बघा. ती बदलून सकाळी सात केली ती ह्यांनीच.”

वसुंधराबाई सालोमीबाईंकडे वळल्या.

“हो, मीच अर्ज दिला होता,” त्या गोंधळून म्हणाल्या. “बर्थामावशींनी सांगितलं, ओहोटी सातला आहे. सहा वर्षं मी वेळ त्यांनाच विचारत आले. एवढीशी गोष्ट, सांगायची राहून गेली.”

बर्थाबाई कालवं विकणाऱ्या चाळीस कोळणींच्या पुढारी. त्या ओट्यावर बसून कालवं फोडत होत्या. क्लेमेंटही मागोमाग येऊन उभा राहिला.

“धंदा कसा आहे, मावशी?” वसुंधराबाईंनी विचारलं.

“बरा हाय. रिपोट पेपरात आला तवापासून गिऱ्हाईक कुठलं पानी, कसलं पानी इचारत नाय. नवाच्या आत टोपली रिकामी.”

वसुंधराबाई हातातली फाइल बाजूला ठेवून ओट्यावर टेकल्या. “सालोमीबाई, बाटल्या बदललेल्याच नाहीत. सील खरं, सह्या खऱ्या. पाणी मात्र खाडीचं नव्हतं, समुद्राचं होतं. म्हणून तर क्षार समुद्राइतका. पूर्ण ओहोटीला पाइपापाशी काय असतं ते आत्मारामांच्या चपलेला विचारा. त्या दिवशी तिथे होडी टेकली आणि साहेबांचे बूट कोरडे राहिले. फोटोत तिवरांचं एक मूळ दिसत नाही, नुसते शेंडे. आत्माराम, तुम्ही देवगडचे. भरती कशी काढतात?”

“तिथीची पाऊणपट,” आत्माराम म्हणाले आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. नऊची पाऊणपट पावणेसात. नवमीला सकाळी सातला भरती असते, हे देवगडचं शेंबडं पोरही सांगेल. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“ओहोटी दुपारी एकला होती. नोटीस बरोबर होती,” वसुंधराबाई म्हणाल्या. “साहेब शहरातले, विघ्नेश बाहेरचा. दोघांनाही पत्ता नव्हता. क्लेमेंटला होता, पण त्याला कुणी विचारलं नाही. आणि सालोमीबाई वाडीवाल्या. केळीचं सगळं ठाऊक, दर्याचं काही नाही. वाडीवाल्यांनी भरती-ओहोटी विचारायची ती कोळणीलाच. अशा कोळणीला, जिची तिथी आयुष्यात कधी चुकली नाही.”

बर्थाबाईंचा सुरा थांबला.

“मीच सांगलं खोटं,” त्या म्हणाल्या. “दोन सालामागं शेजारच्या गावाचं पानी खराब म्हनून पेपरात आलं. तिथल्या बाया भरल्या टोपल्या घेऊन बसायच्या, कुत्रं पन हुंगायचं नाय. सालोमी, तुझी केस धा वरसं चालंल. माज्या बायांची चूल उद्या पेटाया हवी.”

“मावशी, ती कालवं मी लावली होती,” सालोमीबाई म्हणाल्या. “तुमच्यासाठीच लावली होती.”

“ठाव हाय. जा कोर्टात, मी अंगठा देते. पन चाळीस बायांनी बाजारला काय न्यायचं, तेवडं सांगून जा.”

सालोमीबाईंनी बर्थाबाईंच्या चिरलेल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “वसुंधराताई, अपील नको.”

“अहो, पण सहा वर्षं!” आत्माराम उसळले. “आणि पाइप तसाच चालू राहणार?”

“पुढच्या वर्षी या खडकांवर एकही कालव नसेल,” वसुंधराबाई हलकेच म्हणाल्या. “मावशी, हे माहीत आहे ना?”

“हाय. येक वरीस तरी खातील.”

निघताना बर्थाबाईंनी सोललेली कालवं केळीच्या पानात बांधून आत्मारामांच्या हातात दिली. देवगडच्या मानसाला रिकामं कसं धाडू, म्हणाल्या. आत्मारामांनी दोन्ही हातांनी पुडी घेतली. कालवांचं कालवण म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बायको गेल्यापासून त्यांनी ते खाल्लं नव्हतं.

सालोमीबाई वाडीच्या वाटेने एकट्याच गेल्या. आत्मारामांना त्यांचा रागच आला होता. इतकं करायचं आणि ऐन वेळी शेपूट घालायची!

एस.टी.च्या थांब्यापर्यंत पुडीतलं पाणी त्यांच्या बोटांवर गळत होतं. तो पाइप त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. बस लांबून दिसली तेव्हा त्यांनी वसुंधराबाईंकडे पाहिलं. बाई बसला हात दाखवायला पुढे झाल्या. आत्मारामांनी पुडी गटारात टाकली आणि हात धोतराला पुसले.

मागे पाहिलं तर बर्थाबाई ओट्यावर विसरलेली फाइल घेऊन दहा पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी फाइल वसुंधराबाईंच्या हातात दिली आणि आल्या वाटेने परत गेल्या.