अकरा ते बाराची वीज

घरामागच्या फरशीवर काका पालथे पडले होते. वर गच्चीत, सोलर पॅनेलच्या रांगेशी, काठोकाठ भरलेली बादली आणि कोरडे फडके. पॅनेलवर धूळ तशीच.

“पुसायला गेले आणि तोल गेला,” पुतण्या म्हणाला. तो कालच मुक्कामाला आला होता. मग आवाज खाली आणून म्हणाला, “की कुणी घालवला, कोण जाणे. मृत्युपत्रात घर त्यांनी मावशींच्या नावे केलंय.”

मावशी म्हणजे अकरा वर्षे काकांची देखभाल करणारी बाई. दाराशी उभ्या होत्या. पदराचे टोक मुठीत घट्ट.

डॉक्टरांनी मृत्यूची वेळ साडेअकरा सांगितली.

“तेव्हा कुठे होतात?” इन्स्पेक्टर बाईंनी विचारले.

“पुढच्या अंगणात, भाजी निवडत. पंखा बंद पडला, आत जीव गुदमरायला लागला.”

पुतण्या हसला. “थाप तरी धड मारा, मावशी! अकरा ते बारा गल्लीत वीज नव्हती, पण आपल्या डोक्यावर सोलर आहे. मी आत टीव्हीवर मॅच बघत होतो. तासभर जागचा हललो नाही.”

हवालदार मावशींकडे सरकला. “चला, गाडीत बसा.”

“थांबा.” इन्स्पेक्टर बाई जिन्याखालच्या सोलरच्या इन्व्हर्टरपाशी वाकल्या. “याची बॅटरी कुठंय?”

“घेतलीच नाही,” मावशी पुटपुटल्या. “काका म्हणायचे, नसता खर्च. दिवसाची उरलेली वीज बाहेरच्या तारांत जाते, तेवढी बिलातून वजा होते. पाच वर्षांत पॅनेलचे पैसे वसूल झाले.”

“आणि काका पॅनेल पुसायचे कधी?”

“उजाडताना. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकते.”

बाई पुतण्याकडे वळल्या.

“बॅटरी नसलेला असा सोलर बाहेरची वीज गेली की स्वतःच बंद पडतो. मुद्दाम तसा बनवतात. नाहीतर गच्चीवरची वीज बंद तारांत शिरेल आणि खांबावरचा वायरमन मरेल. इन्व्हर्टरच्या पडद्यावरची ही नोंद वाचा. अकरा ते बारा, शून्य. भर उन्हात.”

पुतण्या वाकून आकडे वाचू लागला.

“पंखा खरंच बंद होता. टीव्हीसुद्धा. घरात असलेल्या माणसाला ते कळलं. तुम्हाला कळलं नाही, कारण तुम्ही काकांबरोबर गच्चीवर होतात. वीज गेल्याचं गल्लीत नंतर ऐकलंत आणि बाकीचं मनानंच जुळवलंत. बादलीही तुम्हीच वर नेलीत. काकांनी किंवा मावशींनी भर उन्हात पाणी वर नेलंच नसतं. मावशी तुरुंगात गेल्या की घर तुमचं, एवढाच हिशेब.”

पुतण्या उसळून म्हणाला, “परक्या बाईला घर दिलं त्यांनी… मी नुसता हात लावला.”

“मी अंगणातच होते रे,” मावशी म्हणाल्या. “ते पडल्यावर एक हाक तरी मारायचीस.”

“कशी मारणार?” तो खाली बघत म्हणाला. “ते अजून हलत होते.”